बोकडाच्या बाई

सत्काराच्या बिल्ल्याची टाचणी लोखंडाची असते. ती डाव्या खांद्याच्या चार बोटं खाली खुपसतात. दुपारपर्यंत मंडप तापतो, घामाचा ओलावा टाचणीपर्यंत पोचतो, आणि संध्याकाळी साडी बदलताना दोन भोकांभोवती मोहरीएवढे दोन तांबूस ठिपके दिसतात. लिंबू-मीठ चोळून उन्हात टाकलं तर ते फिकट होतात, जात नाहीत. माझ्या सहा साड्यांवर असे ठिपके आहेत. सातव्या वर्षापासून मी बिल्ला पर्सच्या पट्ट्याला लावायला लागले.

कोल्हापुरात मुलींच्या कॉलेजात मी रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर आहे आणि वर्षाला दोन-तीन गोष्टी लिहिते. आमच्या जिल्ह्यात साहित्य संमेलनं भरतात ती जानेवारी-फेब्रुवारीत. निमंत्रण पोस्टकार्डावर येतं. छापलेल्या मजकुराखाली हाताने लिहिलेली एक ओळ असते : ‘बोकडाची कथा अवश्य व्हावी, ही विनंती.’ अक्षर दर वर्षी वेगळं असतं, ओळ तीच.

ही बोकडाची कथा चिमणाबाईंची आहे.

चिमणाबाई आमच्या प्रयोगशाळेत काचसामान धुतात. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. पण धुतलेली नळी त्या उजेडात धरतात आणि पाणी काचेवर सलग पसरलंय की थेंबाथेंबांनी तुटलंय ते बघतात. तुटलं असेल तर काच अजून स्वच्छ नाही. हे मी मुलींना पुस्तकातून शिकवते. चिमणाबाईंना कुणी शिकवलेलं नाही. कसबा बावड्यात त्यांचं घर माझ्या घरामागे, तीन दारं सोडून.

अडुसष्ट सालच्या पावसाळ्यात त्यांचा एकुलता एक मुलगा उसाच्या सरीत वैरण काढताना गेला. पान लागलं, असं त्या म्हणाल्या. सापाचं नाव त्या घेत नाहीत. मुलगा बावीस वर्षांचा होता. त्याच आठवड्यात त्यांची शेळी व्याली आणि नर करडू झालं. चिमणाबाईंनी त्याला मुलाचं नाव दिलं, बाळासो. त्यानंतर रोज संध्याकाळी मागच्या बोळातून मला हाक ऐकू यायची, ‘बाळासो, आत ये, थंडी पडली.’

दीड वर्षाने मी त्यावर गोष्ट लिहिली. गोष्टीत चिमणाबाईंची धोंडुबाई झाली. बोकडाचं नाव मात्र तेच राहिलं, कारण दुसरं कुठलंच बसेना. गावकरी जत्रेसाठी बोकड मागायला येतात, धोंडुबाई देत नाही, लोक तिला वेडी म्हणतात, आणि शेवटच्या पानावर हे नाव आधी कुणाचं होतं ते कळतं. सहा पानांची गोष्ट. मासिकात छापून आली. दोन पत्रं आली, त्यातलं एक माझ्या भावाचं.

मासिक मी चिमणाबाईंना दाखवलं होतं. त्यांनी हात पुसून ते घेतलं.

‘कुठं हाय ह्यात बाळासो?’

मी त्या नावावर बोट ठेवलं. माझं बोट काढल्यावर त्यांनी तिथे आपला अंगठा टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि मासिक मला परत दिलं.

एकाहत्तर साली आजऱ्याच्या संमेलनात मला कथाकथनाला बोलावलं. कथाकथनात गोष्ट वाचायची नसते, सांगायची असते. उभं राहून, पाठ करून, आवाज बदलून. मला ते येत नव्हतं. ‘बाळासो, पावणं आल्यात, नीट बस की जरा,’ या वाक्याला मंडप हसला. हे वाक्य मी विनोद म्हणून लिहिलं नव्हतं, ते बोळातून जसं ऐकलं तसं उतरवलं होतं. हसणं ऐकून मी घाबरून थांबले, आणि थांबल्यामुळे ते आणखी वाढलं. शेवटापर्यंत पोचले तेव्हा लोक हसायच्याच तयारीत बसले होते. बाळासो मेला आहे हे सांगितल्यावरही मागे कुणीतरी हसलं आणि एकदम गप्प झालं. टाळ्या विरळ पडल्या.

चहाच्या वेळी तिथले अध्यक्ष म्हणाले, ‘बाई, बाकी झकास. शेवट तेवढा जड झाला.’

पुढच्या वर्षी मी शेवट चार वाक्यांचा केला. त्याच्या पुढच्या वर्षी एका वाक्याचा. घरी आल्यावर मी वहीत गोष्टीच्या समासात खुणा करायची. कुठे हसले, किती वेळ हसले. जिथे खूण नव्हती ती वाक्यं गळत गेली. चौथ्या वर्षी मी एक प्रसंग नव्याने रचला. धोंडुबाई सारखी बाळासोला हाक मारते ते ऐकून कुणी मध्यस्थ मुलीकडच्यांना घेऊन स्थळ बघायला येतो. ‘पोरगा कुठाय?’ म्हणून सगळे घरभर शोधतात. ‘पोरगा करतो काय?’ ‘खातो आन् आडवा पडतो.’ ‘शिक्षान?’ ‘दोन पुस्तकं खाल्ल्यात की.’ मग बोकड बाहेर येतो. या जागी लोक अर्धं-पाऊण मिनिट हसतात. त्या हशातच वेळ संपल्याची घंटा होते. तेव्हापासून गोष्ट तिथेच संपायला लागली.

द्रावण गाळताना खाली काय उतरलं याबरोबर गाळणकागदावर काय राहिलं याचीही नोंद करायची असते, हे मी मुलींना दर वर्षी सांगते. ही एक गोष्ट गाळताना मी कागद टाकून देत होते.

मला ते आवडत नव्हतं असं म्हटलं तर खोटं होईल. चारशे माणसं आपल्या एका शब्दावर हसतात तेव्हा पाठीला बरं वाटतं, दिवसभर लाकडी खुर्चीवर बसलेलं असलं तरी. पण परतीच्या एस.टी.त सत्काराचा नारळ मांडीवर घेऊन बसले की मी दर वर्षी ठरवायची, पुढच्या वर्षी ही गोष्ट सांगायची नाही. तसं पत्रच लिहायचं. डिसेंबरात कार्ड आलं की मी ‘आनंदाने येईन’ असं लिहून टाकायची. माझं पहिलं पुस्तक संमेलनांच्या मंडपाबाहेरच खपलं होतं. दुसऱ्याचं हस्तलिखित कोल्हापुरातल्या एका प्रकाशकाकडे पडून होतं. ते म्हणाले होते, ‘बोकडाच्या बाईंचं पुस्तक म्हणून काढू. मुखपृष्ठावर बोकड घेऊ.’ त्या पुस्तकात बोकडाची गोष्ट नव्हती. हे सांगितल्यावर ते म्हणाले, ‘मग घाला.’

एकोणऐंशीच्या जानेवारीतलं संमेलन वारणानगरच्या अलीकडच्या एका गावात होतं. सकाळी स्टँडवर गाडीत चढले तर पुढच्या बाकावर चिमणाबाई बसलेल्या. नवं हिरवं लुगडं, मांडीवर पिशवी. त्यांनी मला जागा धरून ठेवली होती.

‘या बाई. मी बी येतोय.’

‘कुठं?’

‘कुठं म्हंजे? माझ्या म्हायेरात तुमचं संमेलन, आन् मला पत्त्या न्हाई व्हय? भावजयनं सांगावा धाडला. वन्सं, तुमच्या कालिजातल्या बाई येणार हाईत, बोकडाची गोष्ट सांगाय. म्या म्हणलं, बोकडाची कसली, माझ्या बाळासोची हाय ती.’

मी बसले. गाडी सुटेपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत होते. चिमणाबाईंनी पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढून मला दिल्या, आणि मी त्या सोलत राहिले.

‘लई हसत्यात म्हनं लोक,’ त्या म्हणाल्या.

‘हसतात.’

‘हसूं देत की. बोकड हुताच तसला. माझं निम्मं लुगडं खाल्लतं न्हवं का. म्हातारा हूनशान मेला, पर खायाचं सोडलं न्हाई.’ त्या स्वतःशीच हसल्या. ‘आन् शेवटाला काय करत्यात वो? रडत्यात?’

‘वेळ फार कमी देतात, चिमणाबाई.’

‘देतील की आज. माझं गाव हाय. मी सांगतो सयाजीला, त्योच हाय म्होरक्या.’ त्यांनी पदराने तोंड पुसलं. ‘बाई, एक सांगू का? म्हायेरात त्याचं नाव कुणी घेत न्हाई. मी उंबऱ्यात आलो की बोलणारी गप बसत्यात. मला वाईट वाटंल म्हणून. धा वर्सं झाली. भाचा हुता त्यो गावचा, निम्मं ल्हानपण तिथं गेलं त्याचं, पर जसा काय हुताच न्हाई. माझ्याबी तोंडातनं तिथं निघत न्हाई मग. आज कर्ण्यातनं निघंल. समद्या गावाला ऐकू जाईल.’

मी आणखी एक शेंग फोडली.

‘पोरगीबी तिथलीच बघितली हुती त्याला,’ त्या म्हणाल्या. ‘शालूच्या, माझ्या भावजयच्या नात्यातली. पावणं बघाय आल्तं आमच्या बावड्याला. आन् ह्यो लाजून गोठ्यात जाऊन बसला. पोरगा कुठाय, पोरगा कुठाय, करत समदी हिंडत्यात. मी हाका मारतोय, त्यो येतोय कुठला. सोमवारी सुपारी फोडायची हुती. रविवारी पान लागलं.’

शेंगांची टरफलं माझ्या मांडीवर होती. ती मी एकेक करून ओंजळीत गोळा केली आणि खिडकीबाहेर टाकली. अकरा वर्षं मी या बाईंबरोबर एका खोलीत काम करत होते. त्यांच्यावर गोष्ट लिहिली होती आणि ती आठ संमेलनांत सांगितली होती. मुलाचं लग्न ठरलं होतं का, एवढं मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. जे माहीत नव्हतं तिथे मला सुचेल ते घातलं होतं, आणि लोक सगळ्यात जास्त त्यालाच हसत होते.

‘चिमणाबाई,’ मी म्हणाले, ‘मी ही गोष्ट सांगताना थोडी बदलते.’

‘बदला की. तुमी शिकल्यासवरल्या. त्याचं नाव तेवढं घ्या.’

मंडप शाळेच्या पटांगणात होता. दहाचं उद्घाटन साडेअकराला झालं. पाहुण्यांच्या स्वागतात चाळीस हार गेले. ते मी मोजले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. उद्घाटक तासभर बोलले. ग्रामीण माणसाचं दुःख साहित्यात आलं पाहिजे, असं त्यांनी तीनदा सांगितलं. जेवणात मसालेभात, वांग्याची आमटी आणि बुंदी होती. जेवताना शेजारच्या एक-दोघांनी ‘आज बोकड आहे ना?’ म्हणून विचारलं. मी मान हलवली. हो की नाही, ते मलाही कळलं नाही.

संमेलनाचे सचिव जोतीराम गुरुजी. त्याच शाळेत शिकवायचे. कथाकथनाचं सूत्रसंचालनही त्यांच्याकडेच होतं. मी त्यांना मंडपामागे गाठलं.

‘गुरुजी, आज मी दुसरी गोष्ट सांगते.’

‘कुठली?’

‘नवी आहे. एका परीक्षक बाईंची.’

‘त्यात काय होतं?’

‘फारसं काही होत नाही.’

गुरुजी हसले. ‘बाई, सकाळपास्नं भाषणं ऐकून लोक आंबलेत. बोकडासाठी थांबलेत सगळे. तुम्ही परीक्षक काढला तर पाच मिनिटांत जाजम मोकळं होईल, आणि रात्रीच्या कविसंमेलनाला मला कवीच पुढं बसवावे लागतील.’

‘माझा घसा बसलाय.’

‘चहा पाठवतो.’

‘मग निदान वाचून दाखवू दे. छापील आहे तशी, पूर्ण.’

‘वाचायचीच असती तर लोकांनी मासिक घेऊन घरी वाचली नसती का?’

‘घेत नाहीत.’

‘तेच म्हणतोय मी,’ गुरुजी म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले, ‘बाई, खरं सांगू? दहाच मिनिटं आहेत. स्थळाचा प्रसंग तेवढा होऊ द्या. पुढच्या वर्षी तुम्हाला परिसंवादात घेतो, मग काय गंभीर बोलायचं ते बोला.’

ते चांगले गृहस्थ होते. गेल्या दोन वर्षांत माझ्या पुस्तकाच्या पन्नासेक प्रती त्यांनीच शाळाशाळांतून खपवल्या होत्या.

मी व्यासपीठावर जाऊन बसले. खुर्ची लाकडी होती, डावा पाय आखूड. माझ्या आधी दोघांच्या गोष्टी होत्या. मी त्या ऐकल्या नाहीत. मी हिशेब करत होते. दहा मिनिटं. स्थळाचा प्रसंग वगळला तर उरलेल्या गोष्टीला सात मिनिटं लागतात. पण तो वगळला तर लोक ‘स्थळ सांगा’ म्हणून ओरडून मागतील, आणि मग गोष्टीत असा प्रसंग आहे हे चिमणाबाईंना तो न ऐकताच कळेल. तो सांगितला तर त्या ऐकतील. बसल्या जागी, माहेरच्या माणसांत, नव्या लुगड्यात, ‘पोरगा कुठाय, पोरगा कुठाय’ हे वाक्य कर्ण्यातून येईल आणि सगळं गाव हसेल. त्या काही म्हणणार नाहीत. सोमवारी कॉलेजात येतील, नळ्या धुतील, उजेडात धरून बघतील.

आजारी पडल्याचं सांगून उठून जाता आलं असतं. ते मी बराच वेळ मनात घोळवलं. सगळ्यात सोपं तेच होतं. पण मग बाळासोचं नाव कर्ण्यातून निघालं नसतं, आणि चिमणाबाई संध्याकाळच्या गाडीने माझ्या शेजारी बसून काही न बोलता बावड्याला आल्या असत्या.

त्या जाजमावर बायकांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत होत्या. शेजारी भावजय शालूबाई. शालूबाई आतापासूनच तोंडाला पदर लावून बसली होती. गेल्या वर्षी तिने माझी गोष्ट दुसऱ्या गावी ऐकली होती, हे मला जेवणाच्या पंगतीत तिनेच सांगितलं होतं. ‘हसून हसून पोट दुखलं बाई,’ असं म्हणाली आणि लगेच चिमणाबाईंकडे बघून गप्प झाली. चिमणाबाई ताठ बसल्या होत्या. मधूनच मान वळवून त्या मागच्या माणसांकडे बघायच्या, सगळे आलेत ना ते पाहायला.

आधीच्या गोष्टीला टाळ्या पडल्या. गुरुजी माईकपाशी गेले.

‘आता ज्यांची आपण सकाळपासून वाट बघतोय,’ ते म्हणाले, आणि लोक आधीच हसायला लागले. ‘रसायनशास्त्राच्या बाई आहेत, पण आपण त्यांना दुसऱ्याच नावाने ओळखतो. काय नाव?’

‘बोकडाच्या बाई,’ मंडपाने सांगितलं.

‘या बोकडाच्या बाई.’

मी उठले. गुरुजींनी माईक माझ्या उंचीला खाली केला आणि स्क्रू आवळला. कर्ण्यातून शीळ आली आणि थांबली. मागच्या खांबापाशी उभा असलेला एक जण ओरडला, ‘बाई, स्थळापास्नं सुरू करा. आधीचं ठावं हाय.’ पुन्हा हशा. सयाजीराव पाटील, संमेलनाचे स्वागताध्यक्ष, पुढच्या सोफ्यावर पाय पसरून बसले होते. त्यांनी हात वर करून मागच्यांना गप्प केलं आणि मला म्हणाले, ‘करा सुरू, बाई. वन्स मोअर पडणार बघा आज.’

आठ वर्षांत माझे पहिले शब्द ठरलेले होते. मध्ये एक श्वास घ्यायचा, मग धोंडुबाईच्या आवाजात हाक. तोंड त्या सवयीने उघडलं. मी ते मिटलं.

लोकांनी तोही गोष्टीचाच भाग धरला. काही जण हसले. मी हसू ओसरायची वाट पाहिली. ओसरल्यावरही मी बोलले नाही, तेव्हा कुणीतरी खाकरलं. पुढच्या रांगेतल्या एका माणसाने शेजाऱ्याला कोपराने ढोसलं. गुरुजी माझ्याकडे बघून, पाणी हवं का, म्हणून हातानेच विचारत होते. मी मान हलवली. मला कसला धीर आला असं झालं नाही. मी फक्त फार थकले होते, आणि ते अर्धं मिनिट पुन्हा एकदा उभं करण्याएवढं बळ अंगात राहिलं नव्हतं.

चिमणाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. आरती सुरू होण्याआधी करतात तसा.

‘बोकडाची गोष्ट मी आजपासून सांगणार नाही,’ मी म्हणाले. कर्ण्यातून माझा आवाज शाळेच्या भिंतीवर जाऊन परत आला. ‘तो बोकड ज्याच्या नावाचा होता, त्या मुलाची सांगणार आहे. त्याचं नाव बाळासो. तो या गावचा भाचा होता.’